दुसऱ्या भागातली मांजर

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी भाचीने मला सांगितलं की मांजरीच्या सिनेमाचा दुसरा भाग आलाय. शाळेत तिला कुणाकडून तरी कळलं होतं. ती खूश असेल असं मला वाटलं, पण तिचा चेहरा काळजीचा होता. तिने विचारलं, "आता त्यात बोलणार कोण?"

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला कळायचा नाही, म्हणून आधीचं थोडं सांगते. माझी मोठी बहीण पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिली होती. दाजी महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातात, घरची भातशेती सासूबाई बघतात. मी महाडला आईवडिलांकडे राहायचे आणि कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायचे, अजूनही करते. भाची तीन वर्षांची असताना दाजींनी टीव्ही घेतला, आणि त्यावर तिने पहिला कार्टून सिनेमा पाहिला तो हा. समुद्रातल्या एका ओसाड दीपगृहात एक म्हातारी मांजर एकटीच राहत असते. वादळात हंसाचं एक पिल्लू तिच्या दारात येऊन पडतं. मांजर कुरकुर करत त्याला सांभाळते, एवढीच गोष्ट. सिनेमा परदेशातला, बोलणं हिंदी, आणि भाचीला हिंदी कळत नव्हतं. तेव्हा ताईने टीव्हीचा आवाज बंद केला आणि सगळी पात्रं स्वतःच बोलायला लागली.

मांजरीला तिने आपल्या सासूबाईंची बोली दिली. पिल्लू भिजून आलं की मांजर म्हणायची, "कुठं उलथली व्हतीस गो? आता तुला सुकवायला काय चुलीत घालू?" सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या आतूनच म्हणायच्या, "बराबर बोलते ती मांजर. पोरं ऐकत नाय ती नायच." पुढे भाची शाळेत गेली, हिंदी कळू लागलं, तरी तो सिनेमा लागला की टीव्हीचा आवाज बंदच असायचा. त्या मांजरीचा खरा आवाज त्या घरात कुणी ऐकलाच नव्हता.

ताई श्रावणात गेली. तापाचं निमित्त झालं, महाडच्या दवाखान्यातून पुढे न्यायचं ठरत होतं तोवर संपलं. मी दिवसकार्यासाठी वाडीत गेले आणि तिथेच राहिले, कारण भाची झोपेत माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरायची. सकाळच्या एसटीने महाड, संध्याकाळच्या एसटीने परत. मला कुणी राहा म्हणालं नव्हतं. केव्हा जाणार, असंही कुणी विचारलं नाही. माझे कपडे ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून ते ताईच्या कपाटातल्या एका खणात गेले. पुढे कधीतरी सासूबाईंनी मला ताईच्या कपात चहा दिला. शेजारणी ताईला विचारायच्या ते मला विचारू लागल्या, आज कालवण काय, दाजींची पाळी कुठली. मी उत्तरं देत गेले. कुणी वाईट वागत असतं तर निघून जाता आलं असतं. तिथे सगळे माझ्याशी चांगलेच वागत होते, आणि त्यातून बाहेर पडायची वाट मला दिसत नव्हती.

भाचीला मी म्हणाले की दुसऱ्या भागात मी बोलेन. त्यासाठी सिनेमा आधी बघायला हवा होता. तो मी एसटीत, फोनवर, कानात वायर घालून थोडा थोडा पाहिला. मांजरीचा हिंदी आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. कुणा चांगल्या नटीचा असेल, पण मला ती मांजर बोलतेय असं वाटेचना.

दुसरा भाग वाईट नव्हता. रंग जास्त होते, प्राणी जास्त होते, गाणीही होती. तरी मला तो बघताना अवघडल्यासारखं होत होतं, आणि का ते कळायला एसटीच्या दोन-तीन फेऱ्या लागल्या. पहिल्या सिनेमात मांजर एकदा घसरून माशांच्या पिंपात पडते. ते तिथे सहज घडतं. दुसऱ्या सिनेमात ती पिंपाजवळून जाते तेव्हा आपल्याला आधीच कळतं की आता पडणार. ती पडते, आणि पडून आपल्याकडे बघते. हसलात का, असं विचारल्यासारखं. पहिल्या सिनेमाला आपण कुणाला आवडू की नाही हे ठाऊक नसतं, तो आपली गोष्ट सांगत जातो. दुसऱ्याला ठाऊक असतं की लोकांचं कुणावर तरी आधीच प्रेम बसलंय, आणि त्या प्रेमाला तो पुरा पडू बघतो. त्यात त्याचा दोष नाही. पण पुरं पडायला निघालेलं माणूस मोकळं वागत नाही. हे मला ग्रंथालयात पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. ताईच्या चुलीपुढे तिच्यासारख्या तांदळाच्या भाकऱ्या थापताना, दाजी घास घेऊन काय म्हणतात ते ऐकायला कान टवकारले जायचे, त्यातून कळलं होतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं की महाडच्या सोनाराकडे चांदीचं काहीतरी करायला दिलंय, येताना तेवढं घेऊन ये. मी त्यांना भाचीसारखंच आजी म्हणायचे. काय आहे, असं मी विचारलं नाही. सोनाराने डबी उघडून दाखवली. आत एक टाक होता, चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली एक बाई, वर दोऱ्यात ओवायला कडी. असा टाक मी लहानपणी आमच्या आळीतल्या एका काकूंच्या गळ्यात पाहिला होता. पहिली बायको गेली की दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा, रोज आधी त्याला हळदकुंकू लावायचं आणि मग स्वतःला. सवतीचा टाक म्हणतात. दाजींच्या घरात दुसरी बायको नव्हती. म्हणजे तो कुणासाठी होता, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं.

बाईचा चेहरा मी निरखून पाहिला. दोन डोळे, नथ, कपाळावर ठिपका. मी सोनाराला विचारलं की फोटो दिला होता का. तो म्हणाला, "फोटो लागत नाही ताई. ठसा एकच असतो, तोंड सगळ्यांचं सारखंच येतं."

डबी पर्समध्ये टाकून मी आधी आईकडे गेले. आईला सगळं माहीत होतं. आमच्याकडे घरात कुणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, त्यामुळे घाई होती. तिने मला समजावलं की परकी बाई आणण्यापेक्षा पोरीला सख्खी मावशी बरी, माझंही वय चाललंय, दाजी निर्व्यसनी आहेत. एक मुलगी गेली, निदान दुसरी त्याच घरात दिसेल, हे ती बोलली नाही, पण पदराने डोळे पुसताना तिच्या मनात तेच होतं. वडील पेपर वाचत होते आणि पान उलटत नव्हते. मी चहा घेतला आणि शेवटच्या आधीची एसटी पकडली. आजींच्या हातात डबी दिली. त्यांनी ती न उघडता कपाटात ठेवली आणि मला म्हणाल्या, "दमलीस गो. बस जरा."

रविवारी दुपारी आम्ही दुसरा भाग लावला. दाजी पाळीवर होते, आजी पडवीत पावटे सोलत होत्या. मी टीव्हीचा आवाज बंद केला. माझी तयारी चांगली झाली होती. मांजर दीपगृहाच्या पायऱ्यांवर आली आणि मी ताईच्या सुरात, ताईने घेतलेल्या आजींच्या बोलीत म्हणाले, "कोण आलंय गो दारात? पाय पुसून ये."

बोली जमली होती. मला स्वतःलाच क्षणभर ताई मागे उभी आहे असं वाटलं. पडवीत शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. मी पुढची दोन वाक्यं म्हणाले. मग भाचीने माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मावशी, मांजरीचं तू नको करू."

मी विचारलं की मग मांजर कशी बोलणार.

"नाय बोलणार. तिला काय नाय बोलायचं आता." पडद्याकडे बोट करून ती म्हणाली, "तू तो पोस्टमन कर."

पोस्टमन म्हणजे एक बगळा, दुसऱ्या भागात नव्याने आलेला. तो टपाल घेऊन येतो, पत्ते चुकवतो आणि प्रत्येक पाकिटाबद्दल स्वतःचं मत देतो. त्याला माझ्यासाठी कुणी आवाज ठरवून ठेवला नव्हता. मी त्याला आमच्या कॉलेजच्या कारकुनासारखा बोलता केला, शुद्ध आणि वैतागलेला. "सदर पाकीट आपले नसल्यास तसा अर्ज करावा." भाची हसली. श्रावणानंतर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही. मांजर पूर्ण सिनेमाभर तोंड हलवत राहिली आणि आम्ही दोघींनी तिला गप्प ठेवलं. पिंपात पडली तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी अंगणात मोटरसायकल धूत होते. मला एसटी गाठायची होती. मी जवळ जाऊन म्हणाले, "दाजी, मी ताईच्या जागी येणार नाही."

त्यांनी चाकावर पाणी ओतलं. मग म्हणाले, "मला तरी कुठं कुनी विचारलंय." आणि फडकं पिळत, "पोरीला सांगितलंस?"

"तिनेच सांगितलं मला."

त्यांनी मान हलवली. त्यांना काय कळलं ते मला माहीत नाही, पण आईला आणि आजींना त्यांनीच सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. आईने महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. आजींनी मला एकदाच ऐकवलं. मी कपाटातले माझे कपडे काढत होते तेव्हा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वाचून वाचून मानूस असा व्हतो. जा गो. पुस्तकं भाकरी थापून वाढतील तुला."

मी महाडला परत आले आणि शनिवारी-रविवारी वाडीत जाऊ लागले. आजी मला आता पाहुण्यांच्या कपात चहा देतात. भाची पहिले काही शनिवार एसटीच्या वेळेला रस्त्यावर येऊन थांबायची. रविवारी मी निघताना मात्र ती घरातच थांबायची. मला वाटलं होतं की नाही म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. ती जागा रिकामी होती तोवर माझ्या नाही म्हणण्याला काही अर्थ नव्हता. मी नसेन तर दुसरी कुणी, एवढंच.

फाल्गुनात कुडपणकडची एक मुलगी बघायला जायचं ठरलं. घरची गुरं, नाचणीची शेती, वडील नाहीत. भाची म्हणाली, मावशी आली तर मी येईन, म्हणून मला जावं लागलं. वर पठारावर वारा होता. मुलगी माझ्याहून बरीच लहान होती. तिने पाणी दिलं, पोहे दिले आणि सांगितलं तिथे बसली. बायका तिच्या हाताकडे बघत होत्या, रंगाकडे बघत होत्या. मी तिच्या गळ्याकडे बघितलं. एक काळा दोरा होता, बाकी काही नव्हतं. आजींच्या कपाटातल्या डबीबद्दल तिला कुणी सांगितलं होतं की नाही, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. मी सांगू शकले असते. ते माझं काम होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बोलणी सुरू झाल्यावर मोठी माणसं तिला विसरली. तेव्हा भाची उठली, तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने दीपगृहातल्या मांजरीचा सिनेमा बघितलाय का असं विचारलं.

मुलीचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. "बघितलाय ना. भावाच्या मोबाईलवर. तो बगळा पोस्टमन हाय तोच ना?"

"तो दुसरा भाग," भाची म्हणाली. "पहिला?"

"पहिला पन हाय?" मुलगी म्हणाली. "मला म्हाईत नाय. मी ह्योच बघितला. लय आवडला मला."

मी भाचीकडे बघत होते. पहिला न बघता दुसरा आवडलेलं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. मलाही नव्हतं. इतके दिवस मी दुसऱ्या भागाला पहिल्यापुढे उभं करून बघत होते, आणि इथे या पठारावर ही बसली होती, जिच्यासाठी पहिला नव्हताच. बगळा होता, पिंप होतं, आणि पिंपात पडणारी मांजर तिच्यासाठी पहिल्यांदाच पडली होती.

"मग तुला मांजर कशी बोलते ते म्हाईत नाय," भाची म्हणाली.

"कशी बोलते?"

भाचीने तोंड उघडलं. दाजींनी मान वर केली, आजींचा हात बशीवर थांबला. भाचीने तोंड पुन्हा मिटलं.

"आता नाय," ती म्हणाली. "घरी आलीस की सांगीन."