पूर्वेकडे फिरवलेला कॉम्प्युटर

आंधळगावच्या विणकराघरचा खुशाल निमजे १९७४ साली आमच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून रोजंदारीवर लागला आणि चौदा वर्षं रोजंदारीवरच राहिला. वर खुशीत असायचा. त्याचं ते समाधान बघून माझं, म्हणजे स्टोअरकीपरचं, डोकं फिरायचं. युनिक्सवाला कॉम्प्युटर आला तेव्हा दीड महिन्याचं ट्रेनिंग घेऊन तोच ऑपरेटर झाला.

अठ्ठ्याऐंशीत वरून हुकूम आला: जुन्या रोजंदारांना कायम करायचं, यादी पाठवा. दोनशे बारा नावं, कामाला लागल्याच्या तारखांसकट, खुशालनं जुने हजेरीपट चाळत महिनाभर बसून टाईप केली. त्यात त्याचंही होतं. दसऱ्याला आम्ही सगळ्या मशिनींची पूजा केली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ओळ आली: डिस्क वाचता येत नाही, ब्लॉक ४११७. यादी उघडेना, आणि ती सोमवारी जायची होती.

नागपूरहून इंजिनिअर आला. "डिस्क मरतेय. फॉरमॅट करून टाकू," म्हणाला. म्हणजे सगळंच साफ. "कुणी मशीन हलवली होती का?"

आम्ही सगळ्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मॅनेजर भैय्यालालजी दारात उभे होते ना!

खुशाल उठला. "म्याच फिरवलो जी. पूजेसाठी पूर्वेकडं तोंड केलो. चालूच होती."

मला त्याचा संताप आला. चौदा वर्षं थांबून ऐन वेळी कुणी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतं का?

इंजिनिअर मात्र खुलला. "चालू डिस्कला धक्का बसलाय? मग इजा एकाच जागी असेल."

"धागा तुटला म्हणून मागावरचं लुगडं कापत नाही जी आमी," खुशाल म्हणाला.

दोघांनी खराब ब्लॉक, म्हणजे डिस्कवरची तेवढी जागा, वगळून फाईल तुकड्यातुकड्यानं दुसरीकडे उतरवली. त्या जागी पुन्हा काही लिहिलं जाऊ नये म्हणून ती खराब जागांच्या नोंदीत घातली. दोनशे चार नावं मिळाली. आठ गेली, त्यात खुशालचं.

भैय्यालालजी हजेरीपट घेऊन शेजारी बसले आणि गेलेली नावं सांगू लागले. सात झाली. मग ते थांबून चष्मा पुसू लागले. खुशालनं हात मांडीवर घेतले. आपलं नाव कटलं, हे त्यानं मनोमन मानून टाकलं होतं.

"छापू का जी?"

"दोनशे अकराच पाठवता का? खरं सांगणारा ऑपरेटर मले दुसरा कुठं भेटन? टाका तुमचं नाव."

त्यानं टाकलं. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. चौदा वर्षांचा मुरलेला टायपिस्ट.