लॉपसाइडेड वाटणी

मी अमरावतीत दहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून मोकळं होणं मला जमत नाही. वापर कळलाच पाहिजे, हा माझा हट्ट. त्या दिवशी शब्द होता 'लॉपसाइडेड'. म्हणजे एका बाजूला कललेलं, दोन्हीकडे सारखं नसलेलं. कापसाची ट्रॉली एकीकडेच जास्त भरली की कशी चालते, ते सांगितलं. हसू लॉपसाइडेड असतं, मॅच असते, वाटणीसुद्धा असते, म्हटलं. पोरींनी वह्यांत उतरवून घेतलं. मॅडम स्वतः काय करणार आहेत, ते कोणी विचारलं नाही, हे एक बरं झालं.

कारण त्याच शुक्रवारी रजा टाकून मी अकोल्याला निघाले होते, हक्कसोडपत्रावर सही करायला. बाबा मागच्या वर्षी गेले. पातूरजवळचं आमचं शेत, त्यात कायद्यानं आईइतका, धाकट्या भावाइतकाच माझाही वाटा. आमच्याकडे बहिणीनं तो हसतहसत सोडायचा असतो. बदल्यात साडी, दिवाळीचं बोलावणं आणि 'लय मोठ्या मनाची' ही पदवी मिळते. माझ्या दोन्ही आत्यांना ती मिळालेली आहे.

खरं सांगते, मला जमीन नकोच होती. माहेर तुटेल, एवढीच धास्ती होती. आई फोनवर म्हणाली, "देऊन टाक वं बाई. भाऊ पायजे ना तुले?"

"पायजे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रजिस्ट्री ऑफिसात भाऊ माझ्या आधीच हजर. टोकन घेऊन ठेवलेलं, मला पंख्याखालची खुर्ची, चहा सांगितलेला. गुणी आहे हो पोरगा, उगाच कशाला खोटं बोलू! दस्तलेखकानं कागद वाचून दाखवला: स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना, कोणताही मोबदला न घेता. तो थांबतो न थांबतो तोच भावानं पिशवीतून साडी काढली.

"तुह्या आवडीचाच रंग आणला, ताई."

मला हसू आलं. पेन उघडलं आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, विचारून बसले, "समज, मी सही नाही केली. तरी येशीन का मले दिवाळीले न्याले?"

माझ्या कुठल्याच गोष्टीला तो आजवर नाही म्हणाला नव्हता. आताही म्हणाला नाही. कागदाकडे पाहिलं, दस्तलेखकाकडे पाहिलं.

"आता असं काहून इचारून राहिली वं?"

मी थांबले. चांगली थांबले. तो टोकनाच्या चिठ्ठीची घडी घालत बसला. एक घडी, मग आणखी एक. चहा आला, तोही पिऊन झाला.

मी पेनाला टोपण लावलं आणि उठले. त्यानं लगेच 'येईन' म्हटलं असतं ना, तर देवाशप्पथ, तिथंच सही केली असती.