आमच्या सेक्टरचा भाषावार नकाशा

भोपाळच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. माझी रेघ इतकी सरळ असायची की मुंग्या तिच्यावरून एका रांगेत चालत. खोटं वाटत असेल तर मुंग्यांना विचारा.

एका वर्षी गणपती आणि ओणम एकाच आठवड्यात आले, आणि कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरात हॉल एकच. आमचं मराठी मंडळ म्हणे हॉल आमचा, मल्याळी समाज म्हणे आमचा. वसाहतीच्या साहेबांनी वैतागून फर्मान काढलं, "नक्शा बनाओ. किस घर में कौन-सी भाषा. जिसके घर ज़्यादा, हॉल उसका." आणि बोट माझ्याकडे.

आमच्या प्रिंटा निघत सगळ्या निळ्या, म्हणून रंग भरायची सोय नव्हती. मग मी कारखान्याचीच पद्धत लावली. यंत्राचा छेद दाखवताना प्रत्येक धातूला वेगळ्या रेघा मारतात, तशा मी भाषांना मारल्या. मराठी म्हणजे पोलाद, मल्याळी पितळ, बंगाली तांबं. हिंदीला बीड, म्हणजे ओतीव लोखंड दिलं, कारण ते सगळीकडे सापडतं.

पेन्सिल कानावर ठेवून घरोघर फिरलो. "घरात कोणती भाषा बोलता?" एक बंगाली बाई म्हणाल्या, "बच्चों से हिंदी, सास से बांगला. पति से बात बंद है." तांबं मारून मी पळालो.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे. ग्वाल्हेरहून आलेल्या कुटुंबाच्या मराठीला ते नाक मुरडत. आता मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "अहो, ते आपलेच. पोलाद मारा."

"परवा तुम्हीच म्हणालात, त्यांचं मराठी ऐकलं की कान धुवावे लागतात."

"कान माझे आहेत, मी धुवीन. तुम्ही रेघा मारा!"

मारल्या. दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरच्या वहिनी दूध आणायला नऊवारीत! मल्याळी मुलांनी क्रिकेटचा वेगळा संघ काढला, मग बंगाल्यांनी काढला. त्यांच्याकडे चारच जण होते, तरी काढला. कालपर्यंत लोणच्याच्या बरण्या या घरातून त्या घरात जात. आता बरणी उचलण्याआधी बायका मला विचारत, "भैया, वो लोग पीतल हैं क्या?" मोठमोठ्या देशांचंही असंच झालं असणार. आधी कुणीतरी पेन्सिल घेऊन फिरला, मग माणसं त्या रेघांना शोभेल असं वागू लागली, आणि पुढे पोरांना सांगितलं की आपण पहिल्यापासून असेच.

पण आमच्याकडे चेकरच्या सहीशिवाय ड्रॉइंग बाहेर जात नसे, आणि चेकर होता माझ्या समोरच्या क्वार्टरमधला, मल्याळी समाजाचाच सेक्रेटरी! माणूस असा कडक की स्वतःची लग्नपत्रिकाही तीन चुका काढून परत पाठवलेली. त्याने स्वतःच्याच समाजाच्या दोन घरांवर लाल काट मारली, कारण तिथली मुलं हिंदीत भांडत होती. आता पोलाद आणि पितळ बरोबरीत, आणि तपासायचं राहिलं एकच घर. माझं.

"भाई, तेरा घर भी मौके पर देखूँगा," तो म्हणाला, आणि संध्याकाळी चहाला येऊन बसला.

माझी बायको इंदूरची. तिची माया मराठीत, राग हिंदीत. आणि त्याच दिवशी मी गॅसचा नंबर लावायला विसरलो होतो. तिने अर्धा तास मला असं झाडलं की पंखा आपोआप एक नंबर कमी झाला. मी कुजबुजलो, "अगं, मराठीत! हॉल जाईल!"

"हॉल गया भाड़ में! अपने ही घर में मैं इम्तिहान नहीं दूँगी!"

चेकरने चहा संपवला आणि लाल पेन्सिलीने लिहिलं, "मराठी सिद्ध नहीं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "बीड मार दूँ?"

मी हट्ट धरला असता तर हॉल आमचा होता. पण बायको पदर खोचून उभी होती, आणि तिच्या अंगावर कुठल्याच धातूच्या रेघा मारायची माझी छाती नव्हती. घर कोरं ठेवलं.

साहेबांनी घरं मोजली. बरोबरी. "ये कोरा किसका है?"

"मेरा, साहब."

"तुम हो क्या?"

"ड्राफ्ट्समन, साहब."

त्यांनी कपाळ चोळलं आणि गणपती स्टेजवर, ओणमच्या पंगती खाली, असा निकाल दिला. अध्यक्ष विसर्जनापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, एवढ्यावर भागलं.

पण तो नकाशा क्वार्टर वाटणाऱ्या क्लार्कच्या भिंतीवर गेला, आणि त्याच्या हिशेबी कोरं म्हणजे रिकामं. महिन्याभरात एका सकाळी बदलीवर आलेलं जोडपं ट्रकभर सामान घेऊन आमच्या दारात! हातात आमच्याच क्वार्टरचा कागद.

मी धावत ऑफिसात गेलो. क्लार्कने नकाशाकडे बोट दाखवलं. "कुछ तो भरो. खाली रखोगे तो ट्रक खाली होगा."

मी पेन्सिल काढली, आधी पोलाद मारलं, मग त्याच्यावरूनच बीड.

"ऐसा मटेरियल तो होता ही नहीं," क्लार्क म्हणाला.

"स्टोर में नहीं होगा. मेरे घर में है."

त्याने शिक्का मारला. मी तसाच घराकडे पळालो. ट्रक निम्मा उतरला होता, आणि आमच्या हिने त्या दोघांना पोहे खायला बसवलं होतं.