सपरीतल्या ढिगात बाबा

समस्त कुटुंबीयांना गंभीरपणे कळवण्यात येतं की आमच्या बाबांची अब्रू एकदा कापसात गेली होती.

आज जुनी उशी उसवली, सरकीचा वास आला आणि माझी मान खाजायला लागली. नव्वदच्या दशकातलं अल्लीपूर आठवलं. भाव वाढेपर्यंत कापूस घरापुढच्या सपरीत भरलेला असायचा. त्यावर पाय ठेवेल त्याची पाठ लाल, हा बाबांचाच कायदा. त्या दुपारी लपाछपीत राज्य माझ्यावर होतं. अंगणात शंभर मोजून वळलो, तर ढीग आतून चुळबुळत होता. कायदा करणाराच आत बसला होता.

मी ओरडणार तोच कापसाचा व्यापारी आला. याच्यासमोर बाबा कधी हसतसुद्धा नसत.

"भाऊ हायेत का?"

"वावरात गेले," आई म्हणाली.

व्यापाऱ्यानं ओल बघायला खांद्यापर्यंत हात ढिगात खुपसला. बाबांना खेळायचंच होतं, आम्ही पोरं नुसतं निमित्त. हे मला आत्ता, त्यांच्या वयाला आल्यावर कळतं.

व्यापाऱ्याचा हात आत थबकला. त्यानं पुन्हा चाचपून पाहिलं.

"वहिनी, माल कोरडा हाय, पण याले मिशा काऊन हायेत?"