पोरं राजी हायत ना?

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिला तर मी भाजीवाल्याशी घासाघीस करून वाचवलेला रुपयासुद्धा कौतुकाने सांगतो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

रोह्याच्या एका कॉलेजात मी कॉमर्स शिकवायचो. संस्थेच्या पैशांचे व्यवहारही माझ्याकडेच होते. मी चिकट माणूस. त्या चिकटपणाचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे—खोटं कशाला बोलू?

दामूसर आमचे बास्केटबॉलचे कोच. कासूच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं गाव, घरचे सगळे मिठागरात राबलेले. डोलवीच्या बाजूच्या कंपनीतली कायमची नोकरी सोडून ते दोन वर्षांच्या करारावर आमच्याकडे आले होते. खेळापायी. रिंगला लावायच्या जाळीचे पैसे मी नामंजूर केले, तर या माणसाने मासे धरायच्या जाळ्याचा दोरा आणून स्वतःच जाळी विणली. मी खूश—पैसे वाचले! ती किती सुबक विणली होती, हे मला पुष्कळ उशिरा दिसलं.

आणि संघ? हरायचा. सपाटून हरायचा. कारण दामूसरांचा नियमच तसा होता—जो सरावाला आला, तो सामन्यात खेळणार. हमरापूरचा एक मुलगा होता. गणपतीच्या आधी घरच्या मूर्ती रंगवून तसाच यायचा, चेंडूवर गुलाबी बोटं उमटायची. त्याला पास धड झेलता येत नसे. सामना अटीतटीचा झाला तरी सर त्याला उतरवायचेच. मी एकदा वैतागून म्हणालो, निदान हातातला सामना तरी जिंका! ते हसले. "तो काय हरायला येतो सरावाला?" म्हणाले.

हजेरीची धमकी देऊनही माझ्या वर्गात न बसणारी पोरं त्यांच्यासाठी सकाळी खराटा घेऊन मैदान झाडायची. मला हेवा वाटायचा का? वाटायचा. पण त्याहून जास्त कौतुक वाटायचं. असा शिक्षक मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आणि हे कळत असतानाच मी ते केलं.

झालं असं, की त्यांच्या करारातलं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं आणि एक देणगीदार वडिलांच्या नावाने मैदानावर छप्पर घालून द्यायला तयार झाले. पावसाळाभर आमचं मैदान म्हणजे चिखल, त्यामुळे संस्था हरखली. देणगीदारांची अट एकच—कोच बदला. हरणाऱ्या संघाच्या डोक्यावर त्यांना वडिलांचं नाव नको होतं. अडचण करारात होती. आम्ही दामूसरांना काढलं, तर उरलेल्या वर्षाचा पगार द्यावा लागणार. ते आपणहून गेले, तर काहीच नाही. मी म्हणालो, माझ्यावर सोपवा. कसं करणार, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं का?

दुपारी मैदानावर गेलो. ते स्टुलावर चढून जाळीची सुटलेली गाठ मारत होते. मी खालूनच सांगितलं—पोरं माझ्याकडे आली होती, हरून हरून कंटाळलीत, त्यांना दुसरे सर हवेत. तुमच्या तोंडावर बोलवत नाही त्यांना. तुम्हीच राजीनामा दिलात, तर बरं.

कोणी आलं नव्हतं. एकही पोरगा आला नव्हता.

त्यांनी आधी गाठ पुरी केली. मग खाली उतरले. राजीनामा या शब्दात 'राजी' आहे, हे जन्मभर तो शब्द वापरून मला कधी जाणवलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मी राजी नाय, सर. पण पोरं राजी हायत ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी तिथेच, स्टुलावर कागद ठेवून लिहून दिलं. "पोरांना काय बोलू नका," एवढंच वर सांगितलं.

पोरांना मी काय सांगितलं? सरांना मोठ्या पगाराची नोकरी मिळाली, म्हणून गेले. ते खरं तर जुन्याच कंपनीत, पण आता ठेकेदाराच्या हाताखाली लागले होते. हमरापूरचा मुलगा पुन्हा मैदानात दिसला नाही. साप मेला, काठीही तुटली नाही, म्हणून संस्थेत माझी पाठ थोपटली गेली. छप्पर झालं. 'छपरासाठी जा' असं मी सरळ म्हणालो असतो, तरी ते गेले असते—आज मला याची खात्री आहे. म्हणजे ते खोटंसुद्धा फुकटच गेलं.

पुढे कित्येक वर्षांनी पेणच्या बाजारात पापड घेत होतो, तर मागून कोणीतरी हातातली पिशवी घेतली. दामूसर! केस पांढरे झालेले. ओढतच चहाला घेऊन गेले. कंपनीचं, घरचं बोलले. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पोरं बरी हायत ना?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. समोर बसले होते. वेळ होता.

मी "हो" म्हणालो. चहाचे पैसे त्यांनी काढले. मी देऊ दिले.