काट्यात कोण शिरलं?

जोतीरामचा सहसा कुणावर विश्वास बसत नसे, आणि ते त्याच्या नोकरीला शोभूनही दिसे. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तो उसाच्या वजनकाट्यावर होता. कारखान्याचं नाव कशाला घ्या, माणसं अजून हयात आहेत. आपल्याकडं काट्यावर संशय घेणं हा शेतकऱ्याचा हक्कच. पण काटा संगणकाला जोडला, तेव्हापासून जोतीराम छातीवर हात ठेवून सांगायचा, "आता माणसाचा हातच न्हाय की ह्यात! मशीन कशाला खोटं बोलंल?" लोक हळूहळू ऐकू लागले होते. त्याला ह्याचा फार अभिमान होता.

२००३ च्या ऐन गाळपात, एका सकाळी पुण्याहून फोन आला. प्रोग्राम पुरवणाऱ्या कंपनीतून बोलतोय, काट्याच्या संगणकाची टेलिफोनची तार आधी काढा. जोतीरामच्या मनात पाल चुकचुकली.

"तुमी कोण, पावणं? आन मी तुमचं का म्हणून ऐकू?"

त्यानं फोन आपटला, प्रोग्रामच्या खोक्यावरचा नंबर शोधला आणि स्वतः लावला. पलीकडं तोच आवाज! त्या बिचाऱ्यानं न चिडता सगळं सांगितलं. काट्यापासून गोदामापर्यंत सगळा कारखाना ज्या प्रोग्रामवर चालत होता, त्यात भोक सापडलं होतं. टेलिफोनच्या तारेवरून कुणीही परका, पासवर्डशिवाय, आत शिरून संगणकाला हवं ते करायला लावू शकत होता. वजनसुद्धा फिरवू शकत होता. दुरुस्तीची सीडी तो रात्रीच्या गाडीनं पाठवणार होता.

"आमच्यात कुणी शिरलं हुतं का?"

"सांगता येत नाही. खुणा राहतातच असं नाही."

जोतीरामनं तार उपटली आणि शेती अधिकारी विजयसिंह यांना गाठून, सीडी येईपर्यंत संगणकावरची वजनं थांबवावी लागतील म्हणून सांगितलं. फाटकापर्यंत ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली होती.

"लाइट गेली म्हणून सांग," साहेब म्हणाले.

"साहेब, धुराडं धूर सोडतंय आन लाइट गेली म्हणून कोण ऐकंल?"

कारखाना स्वतःची वीज स्वतःच करतो, हे गाडीच्या बैलालाही ठाऊक. साहेब वैतागले. "मग तुझं तू निस्तर. माझं नाव मधे आणू नको."

जोतीराम बाहेर आला आणि त्यानं खरं ते मोठ्यानं सांगून टाकलं. सीडी येईपर्यंत संगणक बाजूला ठेवून काट्याच्या स्वतःच्या पाटीवरचा आकडा सगळ्यांसमोर हातानं लिहून देतो, असंही म्हणाला. एकच गिल्ला उठला.

"बाहेरचा कशाला शिराय पायजे?" मागून कोणीतरी ओरडलं. "आत बसलाय त्यो काय कमी हाय?"

रांगेत पहिला ट्रॅक्टर आण्णांचा होता. आण्णा जोतीरामचे सख्खे चुलते. बापामागं त्यांनीच त्याला वाढवलं, शिकवलं. ते खाली उतरून पुढं आले.

"जोत्या, मागच्या हंगामात कुणी शिरलं न्हाय कशावरनं?"

नुसतं "शिरलं न्हाय" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण खोटं सांगायला त्याची जीभ रेटेना.

"म्हाईत न्हाय, आण्णा."

आण्णांनी ट्रॅक्टर काट्यावर चढवला, लिहिलेला आकडा घेतला आणि ते निघून गेले. त्यांनी चारचौघांत दोन शिव्या दिल्या असत्या तर जोतीरामला बरं वाटलं असतं.

सीडी आली, भोक बुजलं. सरकारी शिक्क्याची वजनं चढवून सगळ्यांदेखत काटा तपासला, एका किलोचाही फरक निघाला नाही. पण त्यानंतर आण्णा काट्यावर आले की आकड्याकडं बघेनासे झाले. ते जोतीरामच्या हातांकडं बघत. त्यांचं बघून रांगेतले बाकीचेही तसेच बघू लागले. जोतीरामला ते फार लागलं. नोकरी संपेपर्यंत तो काट्याच्या खोलीत खिडकीशी बसायचा, दोन्ही हात टेबलावर पसरून, बाहेरून सगळ्यांना दिसतील असे.