टोपड्याचा तोल

माझी मावशी एकही गोष्ट तडीस नेत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. पोहायला शिकायचं ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी नाकात पाणी गेल्याचं निमित्त झालं. काकांसाठी विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर थांबला. काका तो तसाच अंगात घालून पाहुण्यांसमोर मिरवायचे. "दुसरी बाही पुढच्या जन्मी," असं वर म्हणायचे. मावशीही हसायची, पण मी तिच्याकडे राहून शिकत होते, त्यामुळे ते हसू कुठपर्यंत पोचतं ते मला दिसायचं.

सोफे-खुर्च्या दुरुस्त करायच्या कारखान्यात ती बावीस वर्षं कामाला होती. स्प्रिंगा बांधायच्या, फोम कापायचा, वर कापड ताणून बसवायचं.

तिच्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि तिचा ससा आमच्या घरी येऊन पडला. ओंजळीत मावेल एवढा, राखाडी, कान उभे नाहीत तर गालांवर लोंबणारे. बाळाला टोपडं बांधावं तसा दिसायचा, म्हणून त्याचं नावच टोपडं पडलं.

"दोन महिने सांभाळीन," मावशीने ताईला बजावलं. "मग तुझं तू बघ."

पहिल्याच आठवड्यात टोपड्याने टेबलावरच्या दिव्याची वायर कुरतडली. मावशीने त्याला "उंदराची थोरली जात" म्हणून घेतलं. पण कांद्याची पात त्याला चालत नाही, सुकं गवत मात्र दिवसभर समोर हवं, हे सगळं तिने कधी शिकून घेतलं ते आम्हाला कळलं नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी काका ओरडले, "अगं, लवकर ये! याला काय झालंय बघ!"

टोपड्याची मान एका बाजूला पिळल्यासारखी वाकली होती. उभं राहायला गेलं की ते कोलांट्या खात भिंतीपर्यंत जायचं. एक डोळा जमिनीकडे, एक छताकडे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा कान उचलून आत बघितलं. "लोंबत्या कानांच्या सशांना हा त्रास जास्त. कानात खोलवर संसर्ग झालाय, त्यामुळे तोल गेलाय. बरा होऊ शकतो, पण सहा-सात आठवडे लागतील. हाताने भरवायचं, खालच्या बाजूच्या डोळ्यात थेंब घालायचे, आपटू द्यायचं नाही. जमत नसेल तर तसं सांगा. मी तुम्हाला दोष देणार नाही."

तिथूनच लावलेल्या फोनवर ताई रडत म्हणाली, "आई, त्याचे हाल नको करूस. जाऊ दे त्याला."

मावशीने फोन काकांच्या हातात दिला आणि डॉक्टरांना विचारलं, "औषध जेवणाआधी की नंतर?"

दुसऱ्या दिवसापासून टोपडं खोक्यात बसून कारखान्यात जाऊ लागलं. मालक मिस्त्री वैतागले. "बाई, हा कारखाना आहे की पाळणाघर?"

"तुमचा मुलगा लहान असताना इथेच फोमच्या ढिगावर झोपायचा," मावशी म्हणाली. मिस्त्रींनी पायाने स्टूल सरकवून खोक्याला जागा करून दिली.

जेवणाच्या सुट्टीत तिने फोमची गोल कडी कापली. मधल्या भोकात ससा बसला की चारी बाजूंनी आधार. पहिल्या कडीवर रेक्झिन चढवलं, पण त्यावरून पाय घसरायला लागले. दुसरी फार उंच झाली, त्याचा जीव गुदमरायला लागला. तिसरीवर जुन्या टॉवेलचं कापड लावलं आणि एक बाजू थोडी जास्त भरली, वाकलेल्या मानेखाली येईल अशी. टोपडं त्यात बसलं आणि पहिल्यांदाच पाच मिनिटं स्थिर राहिलं.

तीन आठवडे असे गेले. मान तसूभरही हलली नाही. उलट एका रविवारी त्याने भरवलेलं गिळणंच सोडलं. सकाळपासून एक लेंडी नाही. सशाचं पोट थांबलं की सगळं संपतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी औषध टोचलं, पोट चोळायला आणि थोडंथोडं भरवत राहायला सांगितलं.

दुपारी मावशीने भरवायची पिचकारी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसली. "माझ्याने नाही होत," ती म्हणाली. "सगळे म्हणतात ते खरंच आहे."

काका थट्टेखोर माणूस, पण तेव्हा हसले नाहीत. "कोण म्हणतं? मीच ना? मग मी मूर्ख आहे," ते म्हणाले आणि टोपड्याला टॉवेलात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवलं. "मी धरतो, तू भरव."

मावशीने पिचकारी उचलली. थेंब थेंब. निम्मं हनुवटीवरून गळायचं, ती पुसायची, पुन्हा थेंब.

ऊन उतरायच्या सुमारास स्वयंपाकघरातून अशी किंकाळी आली, की मी हातातली वही टाकून धावले.

"अहो, या इकडे! लेंड्या! सात लेंड्या!"

काकांनी त्या खरोखर मोजल्या. ताईला फोन लावून मावशीने ती बातमी अशी सांगितली, जशी कुणी बारशाचं आमंत्रण देतं.

त्यानंतर मान सरळ व्हायला लागली, रोज केसाएवढी. पाचव्या आठवड्यात टोपडं स्वतः गवत ओढून खायला लागलं. सहाव्यात कडीच्या बाहेर येऊन चार पावलं चाललं, पडलं, उठलं. डॉक्टरीणबाईंनी ती कडी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "हे कुठे मिळतं?"

"मिळत नाही. मी केलंय," मावशी म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मग मला आणखी चार करून द्या."

आठव्या आठवड्यात एका सकाळी कारखान्यात टोपडं खोक्याच्या कडेवरून बाहेर पडलं. फोमच्या तुकड्यांतून सरळ रेषेत धावलं, मध्येच हवेत उडालं, अंग झटकून वळलं आणि चारी पायांवर उतरलं. मग आणखी एकदा. ठोकाठोकी थांबली. तोंडात बारीक खिळे धरून बसलेले कारागीर तसेच बघत राहिले. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

मावशीने एप्रन सोडला. "मिस्त्री, अर्ध्या दिवसाची सुट्टी हवी."

बावीस वर्षांत तिने अशी सुट्टी मागितली नव्हती. मिस्त्रींनी हजेरीची वही उघडली. "कारण काय लिहू? बरं नाही?"

"छे! खूप बरं आहे," मावशी टोपड्याला उचलून घेत म्हणाली. "आनंद झालाय, असं लिहा."